अर्धे गळ्यात, अर्धे मनगटात

धप्प. क्षणभर थांबून पुन्हा धप्प. जमिनीच्या पोटातून यावा तसा तो आवाज आधी तळपायांना कळला आणि मग कानांना. पंचावन्न वर्षे झाली असतील, पण दुपारी खुर्चीत डोळा लागू लागला की आजही मला तो ऐकू येतो.

चैत्रातली सकाळची शाळा होती. मळवलीजवळच्या एका वाडीत, पत्र्याच्या छपराखाली, मी सातवीच्या मुलांना कविता चालीवर शिकवत होतो. नोकरीचे पहिलेच वर्ष. कविता सासरी निघालेल्या मुलीची होती आणि आपला गळा बरा आहे असा माझा त्या वेळी समज होता. शेवटच्या कडव्याला मी स्वर कापरा केला, डोळेही जरा ओले करून घेतले. मुले जांभया देत होती. तेवढ्यात शेजारच्या लग्नघरातून तो धप्प धप्प आवाज आला, आणि त्याच्यावर स्वार झालेला एका बाईचा गळा:

लेक निघाली सासरी । मागं वळून बघंना
आईचा गं हात । पिठातून निघंना

मुलांच्या जांभया थांबल्या. त्या गळ्यात कंप नव्हता की कळवळा नव्हता. भाजी निवडता निवडता शेजारणीला काही सांगावे, इतका तो सरळ होता. आणि तिसऱ्या रांगेतली एक मुलगी, जिच्या थोरल्या बहिणीचे लग्न महिन्याभरापूर्वीच झाले होते, ओंजळीत तोंड लपवून रडू लागली. मी पुस्तक मिटले. उरलेला तास आम्ही सगळ्यांनी भिंतीपलीकडचे गाणे ऐकण्यात घालवला. मास्तराने असे करू नये, हे मला मान्य आहे.

तो गळा ज्यांचा, त्या श्रीमती अनसूयाबाईंना यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. सारा मावळ त्यांना अनसामावशी म्हणतो. मी वयाने त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठा, तरीही मावशीच म्हणतो. शिकणाऱ्याने वय पाहू नये.

शाळा सुटल्यावर त्या दिवशी मी लग्नघरी गेलो होतो. आंब्याची पाने बांधलेली दोन मुसळे उखळात आळीपाळीने पडत होती, हळकुंडे कुटली जात होती, आणि मुसळ धरणाऱ्या सुवासिनींमध्ये विशीच्या एक नव्या सूनबाई गाणे सांगत होत्या. लग्नाच्या आदल्या दिवशीचा हा विधी, घाणा. त्यात आधी देवादिकांना लग्नाचे आवतण जाते, मग गणगोताला. मावशींच्या पहिल्या ओळी मला अजून पाठ आहेत:

पहिलं गं आवतान । डोंगरीच्या आईला
मागनं सांगा जाऊन । शेजारच्या बाईला

देवीनंतर थेट शेजारीण! माझ्या पुस्तकातल्या कुठल्याही कवितेत हा क्रम नव्हता. मी पुढे होऊन म्हणालो, "बाई, तुमच्या गाण्याने आमच्या वर्गात मुलगी रडली."

त्या मुसळ न थांबवता म्हणाल्या, "मग काय करू गुरुजी? तुमी तासभर रडत व्हता, त्यानं कुनी रडंना."

सगळ्या बायका खळखळून हसल्या. आमचा परिचय झाला तो असा.

पुढे मी काय केले ते सांगायला आज संकोच वाटतो, पण गौरवग्रंथात गौरवमूर्तींचेच गुण सांगावेत आणि आपले दोष झाकावेत, हे काही खरे नाही. मी एक वही केली. दर रविवारी वाडीत जाऊन मावशींची गाणी उतरवून घेऊ लागलो. इथवर ठीक होते. पण मी पडलो शाळेतल्या कवितांवर वाढलेला माणूस. मात्रा कमी-जास्त दिसल्या की बोटे शिवशिवत. मी ती गाणी 'शुद्ध' केली. तालुक्याच्या गावी भरलेल्या शालेय संमेलनात मावशींना आणि वाडीतल्या चौघींना मंचावर उभे केले, प्रत्येकीच्या हातात माझ्या सुवाच्य अक्षरातला कागद दिला. मावशींना जेमतेम अक्षरओळख. तरी माझा मान राखून त्यांनी सगळे पाठ केले. 'लेक' गेली होती, 'कन्या' आली होती. 'आईचा हात' जाऊन तिथे 'माता व्याकुळली' होती. गाणे झाले. टाळ्याही झाल्या. आणि लोक लगेच भेळेच्या गाडीकडे वळले.

परतताना आम्ही सगळे एका टेंपोत होतो. वाटेत मावशींनीच विषय काढला.

"गुरुजी, ही माता कुटली वो? आमच्या वाडीत माता फकस्त देवळात असती. घरात आईच हाय."

"अहो, अर्थ तोच आहे."

"अर्थ आसंल. पर तुमी गान्याला इस्त्री केली. आता ते नेसायचं कुनी? घडीच मोडाया भ्या वाटतं."

आणि त्यांनी जुनेच गाणे, जुन्याच शब्दांत, पिठातल्या हातासकट म्हटले. दुसऱ्या कडव्याला टेंपो रस्त्याच्या कडेला घेऊन ड्रायव्हरने इंजिन बंद केले. म्हणाला, "होऊ द्या मावशी. आवाजात ऐकू येत न्हाई."

घरी गेल्यावर मी वहीतली शुद्ध पाने फाडली. त्या दिवसापासून मी मावशींचा विद्यार्थी आहे.

लोकगीतात भाव कसा आणावा, यावर हल्ली शिबिरे होतात. पुण्याहून, मुंबईहून गायिका मावशींकडे येतात, मोबाइल समोर धरून विचारतात, "मावशी, इतका भाव कुठून येतो?" मावशी त्यांना चहा देतात आणि सांगतात, "मला काय ठावं? त्यो घरवाल्यांचा असतो." ही विनयाची भाषा नव्हे, ही त्यांची कामाची पद्धत आहे. ज्या घरी घाणा असेल तिथे त्या दोन दिवस आधी जातात आणि काही न बोलता तांदूळ निवडायला बसतात. सूप पुढ्यात असले की बायका बोलतात. मुलीला कशाची भीती वाटते, आई काय लपवते आहे, कोण लग्नाला यायला हवे आणि येणार नाही, हे सारे त्या सुपातून निघते. मग घाण्याच्या वेळी तेच गाण्यात येते, नाव घेऊन येते. "नाव न घेता म्हनलं तर ते कुनाच्या बी घरचं गानं व्हतं. आनि कुनाच्या बी घरचं म्हंजी कुनाच्याच न्हाई," असे त्यांचे म्हणणे.

मळवलीच्या एका बंगल्याच्या राखणदाराच्या मुलीचे लग्न मला आठवते. मुलगी बंगल्याच्या आवारातल्या खोलीतच लहानाची मोठी झालेली. व्हरांड्यात मालकांचा मोठा झोपाळा होता. मुलीला त्यावर बसायची मुभा नव्हती, म्हणून ती त्याच्या कडीला धरून शेजारी उभी राहायची. मालकीणबाई शहरातून मुद्दाम लग्नाला आल्या होत्या. मावशींनी म्हटले:

परक्या गं अंगनात । लेक उभ्यानं खेळली
आता हक्काच्या झोक्याची । दोरी हाताला मिळाली

राखणदाराने टॉवेल तोंडावर घेतला. मालकीणबाईंचा चेहरा उतरला. घाणा संपल्यावर त्या मावशींजवळ आल्या आणि म्हणाल्या, "मला खरंच माहीत नव्हतं हो."

"आता कळलं न्हवं?" मावशी म्हणाल्या. "मग जेवल्याबिगर जाऊ नका. पुरनपोळी लय झ्याक झालीया."

कुणाचेही मन न दुखवता खरे बोलणे ही कला आम्ही भाषेचे शिक्षक जन्मभर शिकवतो आणि आम्हाला ती येत नाही. गाणाऱ्याने स्वतः रडू नये, हेही मी त्यांच्याकडूनच शिकलो. "गानारी रडाया लागली की ऐकनारी तिला पानी द्याया उठती. मग रडायचं ऱ्हाऊनच जातं." माझ्या त्या पहिल्या वर्षीच्या ओल्या डोळ्यांचे मला आजही हसू येते.

एक प्रसंग मात्र माझ्या घरचा आहे. माझी पत्नी गेली तेव्हा मावशी वडगावला आमच्या घरी आल्या. चार दिवस सकाळच्या गाडीने येत, स्वयंपाकघरात बसून मेथी निवडत, संध्याकाळी परत जात. सांत्वनाचा एक शब्द बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी निघताना मला म्हणाल्या, "गुरुजी, एक कविता म्हना."

"आत्ता? कुठली?"

"तुमच्या बुकातली. कुटली बी."

मी दुसरीच्या पुस्तकातली, चांदण्यांवरची एक साधी कविता म्हणू लागलो. छत्तीस वर्षे मी ती मुलांना शिकवली होती. दोन ओळींनंतर मला कळले की मी ती आजवर फक्त शिकवली होती, म्हटली कधी नव्हती. मावशी पूर्ण ऐकून घेऊन उठल्या. दारात चप्पल घालताना म्हणाल्या, "आज इस्त्री नव्हती."

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसलो, ती सांगतो.

मावशींचे यजमान रेल्वेत गँगमन होते. त्यांना जाऊन वीसेक वर्षे झाली. त्यानंतर वाडीत जे पहिले लग्न झाले तिथे मावशी नेहमीप्रमाणे तांदूळ निवडायला गेल्या. पण घाण्याच्या दिवशी सुवासिनींनी मुसळे उचलली तेव्हा त्या आपण होऊन उठल्या आणि उंबऱ्याबाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. त्यांना कुणी जा म्हटले नाही. कुणी थांबा असेही म्हटले नाही. त्यात मीही होतो. त्यांनी गाणे सांगितले ते बाहेरून, आत पडणाऱ्या मुसळांच्या आवाजावर. तेव्हापासून आजवर मावळातले शेकडो घाणे मावशींनी उंबऱ्याबाहेर बसून म्हटले. लोक म्हणतात, बाहेरून येणारा तो आवाज काळजाला जास्त भिडतो. मीही एका भाषणात हे वाक्य टाळ्यांसाठी म्हटले होते. मावशी समोरच बसल्या होत्या.

नंतर त्या मला म्हणाल्या, "तुमाला भिडतं, चांगलं हाय. पर गुरुजी, मला ते अर्धंच म्हनाया मिळतं. घान्याचं गानं अर्धं गळ्यात असतंय आनि अर्धं मनगटात. मुसळ खाली येतंय तवा श्वास कुटं सोडायचा, ते मनगट सांगतंय. बाहेर बसून मी आपली गुडघ्यावं थापा मारती." आणि गुडघ्यावर एक थाप मारून म्हणाल्या, "एकदा तरी पुरं म्हनायचं व्हतं."

पंचावन्न वर्षांच्या ओळखीत त्यांनी माझ्याजवळ व्यक्त केलेली ही एकच इच्छा.

माझी नात मुक्ता गेली दोन वर्षे मावशींकडे शिकते. तळेगावच्या एका कंपनीत नोकरी करते आणि रविवारी वाडीत जाते. पहिले सहा महिने मावशींनी तिला एकही गाणे सांगितले नाही, नुसते तांदूळ निवडायला बसवले. आता मुक्ताचेच लग्न आहे. परवा आमच्या वडगावच्या घरी घाणा. उखळ वाडीतून टेंपोने आणले, धुऊन मांडवात ठेवले. आणि मुक्ताने जाहीर केले, "पहिलं मुसळ मावशी उचलतील. त्या बाहेर बसणार असतील, तर आजोबा, मला घाणाच नको."

माझी थोरली बहीण, आक्का, तळेगावला असते. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. आमची आई लवकर गेली. मला वाढवले ते आक्काने. बत्तिसाव्या वर्षी तिचे कपाळ पांढरे झाले. मुक्ताचा बेत कानावर जाताच तिचा फोन आला.

"तुझ्या लग्नाचा घाणा आठवतो का रे तुला?"

"आठवतो."

"मी कुठं होते?"

उत्तर तिनेच दिले.

"मागच्या खोलीत. दार लावून. तुला आईसारखं वाढवलं मी, आणि तुझ्या हळदीला हात लावला नाही. का, तर तुझं वाईट होऊ नये म्हणून. पन्नास वर्षं मी एकाही लग्नात मुसळाला शिवले नाही. आता तुम्ही म्हणता त्यात काही नसतंच. मग मी पन्नास वर्षं काय केलं? त्या बाईचा हात लागणार असेल तर मी येत नाही लग्नाला. सुखानं करा."

तिने फोन ठेवला. मुक्ताला समजावायला गेलो तर ती म्हणाली, "आक्काआजीवर तेव्हा अन्याय झाला म्हणून आता मावशींवर व्हायला हवा का?" तेही खरेच. सून म्हणाली, घाणा हॉलवाल्यांकडून करून घेऊ, ते हळकुंड कुटायचे नाटक करतात आणि फोटो चांगले येतात. हे ऐकून मला जेवण गेले नाही.

मावशींना मी काहीच सांगितले नव्हते. मुक्तानेच सांगितले असावे. कारण दोन दिवसांपूर्वी त्यांचा निरोप आला: "गुरुजींना म्हनावं, मी आपली बाहेरच बरी. माझ्यापायी कुनाचं घर फुटाया नगं. आक्कांना आना." मुक्ता तो निरोप सांगताना रडली. उखळ मांडवात तसेच पडून आहे. उद्याचा एक दिवस मध्ये आहे, आणि काय होणार हे मला खरोखर माहीत नाही.

संपादकांनी मला मावशींचे 'योगदान' लिहायला सांगितले आहे. त्यांनी किती गाणी जपली, किती जणी तयार केल्या, हे इतर लेखक लिहितीलच. मी एवढेच म्हणेन की गाण्यातला भाव गळ्यात तयार होत नाही, तो दुसऱ्याच्या घरात बसून, त्याचे ऐकून घेऊन मिळवावा लागतो, हे या बाईंनी आम्हाला दाखवले. मावळात आता शेतांच्या जागी बंगले आले, भाताची खाचरे कमी झाली, वाडीतल्या पोरी कंपनीच्या बसने कामाला जातात. तरीही त्याच पोरी रविवारी मावशींच्या अंगणात गोल करून बसलेल्या मी पाहतो. एकीच्या मांडीवर सूप असते, दुसरीच्या कानात हेडफोन असतो. मावशी तो काढायला सांगत नाहीत. "राहू दे, एक कान मोकळा हाय न्हवं," म्हणतात. पुढचे जग त्यांना परके वाटत नाही, आणि म्हणून मलाही त्याची फारशी भीती वाटत नाही.

मावशी, तुमचे गुडघे तुम्हाला डोंगरीच्या आईपर्यंत अजून पुष्कळ वर्षे नेवोत. चहात साखर घालायला डॉक्टरांनी केलेली मनाई तुम्ही मानावी, निदान आम्ही बघत असताना तरी. तुमच्या पोरींच्या पोरींचे घाणे तुम्हीच सांगावेत. आणि तुमचे ते एक गाणे तुम्हाला पुरे म्हणायला मिळो. शंभरीचा लेखही मीच लिहीन असे म्हणणार होतो, पण तेव्हा मी एकशे तीनचा असेन. मुक्ताला आत्तापासून सांगून ठेवतो.

इथे मी सही करणार, तोच दाराची कडी वाजली. दुपारचे तीन वाजलेले, या वेळी कुणी येत नाही. दार उघडले तर समोर आक्का. एकटी. मागे रिक्षा वळत होती. हातात कापडी पिशवी, आणि चालून आल्यासारखा दम लागलेला.

"आक्का, तू? अगं, कळवायचं तरी! मी घ्यायला आलो असतो."

"काल ती आली होती माझ्याकडं."

"कोण?"

"तुझी मावशी. दुसरी कोण? माझ्या पाया पडली. म्हणाली, मी बाहेर बसते, तुम्ही नातीचं लग्न सोडू नका. मी म्हटलं, बस, चहा घे. चहा घेता घेता मला विचारते, 'आक्का, गुरुजींच्या घान्याला तुमी आत दार लावून बसला, तवा हात शिवशिवत व्हते का वो?'"

आक्काने पिशवी खाली ठेवली. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"पन्नास वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. तूसुद्धा नाहीस."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? म्हटलं, शिवशिवत होते. आणि म्हटलं, तू जर बाहेर बसणार असशील, तर मीही येत नाही." तिने पदराने चेहरा पुसला, आणि मी लहान असताना ज्या आवाजात ती मला अभ्यासाला बसवायची त्याच आवाजात म्हणाली, "आता दार अडवून उभा काय राहिलास? बाजूला हो. उखळ कुठं मांडलंय?"